तव्यापुढचा पाट

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. नागपूरला आईला सांगितली नाही, इथे बेंगळुरूत सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर माझ्याबरोबर राहणाऱ्या मीनलला सांगितली नाही — आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीचं माणूस समोर आलं की मी हवापाण्याचं बोलते आणि विषय संपवते.

मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून काढायच्या, त्यांची यादी करायची आणि वर पाठवायची, हे माझं रोजचं काम. त्यात मी हुशार आहे असं म्हणतात. माझी स्वतःची एक चूक तीन वर्षं माझ्याकडेच पडून आहे. चूक म्हणणंही खोटंच — चूक नकळत होते. मी केलं ते पूर्ण शुद्धीवर, घड्याळ बघून केलं.

पण थांबा, हे सगळं एका वेबसाइटपासून सुरू झालं, आधी ती काय होती ते सांगायला हवं.

बेंगळुरूतल्या काही हौशी माणसांनी ती चालवली होती. शहराचा नकाशा, आणि त्यावर लोकांनी लावलेल्या खुणा. इथे अमुक थिएटर होतं, इथे आमची शाळा सुटल्यावर आम्ही चिंचा पाडायचो, इथे माझे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. खुणेवर बोट ठेवलं की गोष्ट उघडायची, खाली लोक आपल्या आठवणी लिहायचे. आम्ही सगळे तिला नुसतं 'नकाशा' म्हणायचो. मी त्यात का शिरले? शहराच्या इतिहासाचं मला काही प्रेम नव्हतं. शनिवार-रविवार मला खायला उठायचे, एवढंच कारण. सर्जापूर रोडला रविवारी माणूस काय करतो? कपडे धुतो, मॉलमध्ये जाऊन काही न घेता परत येतो, घरी फोन करून 'मी मजेत आहे' म्हणून सांगतो. त्यांना मराठी येणारं कुणीतरी हवं होतं. मी नाव दिलं.

पहिलं काम मिळालं ते भाषांतराचं. साइटवरची बटणं आणि सूचना मराठीत करायच्या होत्या. नव्या खुणेखाली आपोआप एक वाक्य दिसायचं, तेही मीच लिहिलं — 'या जागेबद्दल अजून कुणी काही लिहिलेलं नाही.' त्यातला 'अजून' शब्द मला फार आवडला होता. त्या वाक्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

दुसरं काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या गोष्टी उतरवून घेणं. यशवंतपूरला सुशीलाक्का नावाच्या एक बाई होत्या, निपाणीकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. मुलाने त्यांचं नाव कळवलं होतं. दोन बस आणि एक मेट्रो बदलून मी पोचले, घामाघूम, हातात फोन, रेकॉर्डिंग सुरू करायच्या तयारीत. अक्का स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात परात, बाजूला खाली ठेवलेली गॅसची शेगडी, तिच्यावर तवा. माझ्याकडे नीट बघितलंही नाही.

"आलीस होय? स्वल्प थांब, आधी भाकऱ्या होऊ देत. हात धू आणि बस की तव्यापुढं."

मला भाकरी भाजता येत नव्हती. आमच्या घरी पोळ्या, आणि त्याही आईने मला कधी करू दिल्या नाहीत. तू अभ्यास कर, म्हणायची. मी अक्कांना तसं सांगितलं. त्यांनी शेगडीपुढचा रिकामा पाट पायाने माझ्याकडे सरकवला. "करपली तर करपू दे. हितं कुणी काय बोलत नाही."

मी बसले. पीठ लावलेली बाजू वर, तिच्यावर ओल्या फडक्याने पाणी फिरवायचं, ते सुकत आलं की उलटायची, मग जाळीवर टाकून फुगवायची. पहिली करपली. दुसरी फाटली. चौथी टम्म फुगली, आणि अक्का न बघताच म्हणाल्या, "आली की!" नुसत्या वासावरून कळलं होतं त्यांना. तुम्हाला हसू येईल, पण बेंगळुरूत येऊन मला तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत माझ्या कुठल्याही कामावर कुणी इतकं खूश झालेलं मला आठवत नव्हतं.

जेवणं झाल्यावर त्यांनी गोष्ट सांगितली. ती अशी.

यशवंतपूरच्या बाजाराच्या एका फाटकापाशी पूर्वी घरांची एक ओळ होती. तिथे अक्का आणि त्यांची शेजारीण शांतव्वा सोळा वर्षं ज्वारीच्या भाकऱ्या करत होत्या, गोण्या उचलणाऱ्या हमालांसाठी. अक्का थापायच्या, शांतव्वा भाजायची. थापणारीने भाजायचं नाही आणि भाजणारीने थापायचं नाही, अशी त्यांची रीत. अक्कांचं मराठी, शांतव्वाचं कन्नड, आणि तव्यावर दोन्हींची खिचडी. एकदा सकाळी रांग लागलेली असताना शांतव्वाच्या हातून लागोपाठ तीन भाकऱ्या करपल्या. अक्का भडकल्या. सगळ्या हमालांसमोर म्हणाल्या, सोळा वर्षं झाली तरी तुला भाजता येत नाही, लक्ष कुठं असतं तुझं? शांतव्वाने फडकं घडी करून पाटावर ठेवलं, हात धुतले आणि निघून गेली. चार दिवसांनी तिच्या घराला कुलूप. मग कळलं — त्याच दिवशी पहाटे तिचा धाकटा भाऊ गेल्याचा निरोप आला होता. तरी ती आली होती, कारण हमाल दहाला जेवायला यायचे.

"मला म्हणाली असती तर!" अक्का म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "मी कुठं विचारलं?"

शांतव्वाच्या गावाचं नावसुद्धा अक्कांना माहीत नव्हतं. सोळा वर्षं ती 'नम्म ऊरु', आमचं गाव, एवढंच म्हणत आली, आणि अक्कांना ते पुरेसं वाटलं. पत्ता नाही, फोन नाही. नंतर ती घरंही पाडली गेली. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत. अक्का दोन गल्ल्या सोडून मुलाच्या घरी राहायला आल्या, पण रविवारी दहाच्या सुमाराला पिशवी घेऊन त्या त्याच फाटकापाशी भाजी घ्यायला जायच्या. भाजी घराजवळही मिळते. मुलगा चिडवायचा, आई तिथे हजेरी लावायला जाते म्हणून.

मी गोष्ट नकाशावर लावली, साइटवाल्यांनी तिचं कन्नडही करून घेतलं. अक्कांचं म्हणणं शेवटी घातलं — शांतव्वा, वाचत असशील तर ये, मला तुझ्याशी बोलायचंय. खाली माझं वाक्य उमटलं. अजून कुणी काही लिहिलेलं नाही.

काम संपलं होतं खरं तर. पण पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. आणि त्याच्या पुढच्या. फोटो हवा आहे, एक तारीख विचारायची आहे, असलं काहीतरी निमित्त काढून. मग निमित्त काढणंही सोडलं. नऊला पोचायचं, गप्पा मारायच्या, अक्का भाजी घेऊन आल्या की आमची परात आणि आमचा तवा. एका रविवारी तापाने गेले नाही, तर संध्याकाळी अक्कांचा फोन. "भाजायला कुणी नसलं की थापायचा हात पण चालंना बघ." हे ऐकून मी तापातही हसले. खोटं कशाला बोलू — रडले. माझ्यावाचून कुणाचं तरी अडलं होतं. ऑफिसात माझ्यावाचून काही अडत नाही, सुट्टीवर गेले की दुसरी मुलगी माझं लॉगिन वापरते. घरी दादाचं लग्न झालं आणि माझ्या खोलीत आता पुतणीचा पाळणा आहे. तो पाट मात्र माझा होता. त्या पाटाची मला आठवडाभर अशी ओढ लागायची की बुधवारपासूनच हाताला ज्वारीच्या पिठाचा वास येतोय असं वाटायचं.

अक्का तेवढं एक विचारायच्या, दर रविवारी, मी चपला काढत असतानाच. "साइटवर कुणी काय लिहिलं का गं?" मी म्हणायची, नाही अक्का, अजून नाही. "सरी," त्या म्हणायच्या, म्हणजे कन्नडमध्ये बरं, आणि परात पुढे ओढायच्या. सहा-सात महिने हे उत्तर खरं होतं.

एका बुधवारी दुपारी, ऑफिसात डबा खाताना, निरोप आला.

साइटचा नियम होता की ज्या वडीलधाऱ्यांना स्वतः ती वापरता येत नाही, त्यांच्या गोष्टीवरचं उत्तर आधी आमच्याकडे यायचं. आम्ही वाचून 'दाखवा' हे बटण दाबलं की मगच सगळ्यांना दिसायचं. म्हाताऱ्या माणसांना कुणी फसवू नये म्हणून केलेली सोय. राखण करायला मला बसवलं होतं, बघा.

निरोप कन्नडमध्ये होता, सुनेने लिहिलेला, आणि मी तो भाषांतर करून वाचला. मी शांतव्वा. सुनेने फोनवर गोष्ट वाचून दाखवली. मी आमच्या गावी असते — आणि गावाचं नाव दिलेलं होतं. येत्या रविवारी डोळे दाखवायला बेंगळुरूला येते आहे. दहा वाजता त्या फाटकापाशी उभी राहीन. सुशीलाला सांगा. आणि शेवटी एक ओळ — तिच्या भाकरीच्या कडेला डाव्या अंगठ्याचा खळगा असतो, अजून असतो का?

असतो. मी गोष्टीत तो लिहिला नव्हता. तो फक्त भाजणारीला कळतो, कारण तो पिठाखाली झाकलेला असतो आणि पाणी फिरवताना बोटाला लागतो. म्हणजे कुणी फसवत असेल असा संशय घ्यायलाही मला जागा उरली नव्हती. तरी मी तो घेऊन पाहिला. दिवसभर. मग विचार केला की अक्कांचं ब्लड प्रेशर आहे, एकदम सांगितलं तर झेपेल का? अशी चार-पाच कारणं मी तयार केली. त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. कारण एवढंच होतं की ती आली तर पाटावर ती बसेल.

आणि मी? मी कुठे बसणार होते? दारात, पाहुणीसारखी, फोन हातात धरून?

लिहून टाकलं. पुढचं आता सोपं जाईल असं वाटलं होतं, पण जात नाही.

मी नुसती गप्प बसले असते तर एक वेळ ठीक होतं. पण गप्प बसून भागणार नव्हतं, कारण अक्का रविवारी दहाला फाटकापाशी स्वतःच्या पायांनी जायच्या. मला काही करायची गरजच नव्हती, त्या दोघी आपोआप समोरासमोर आल्या असत्या. ते होऊ नये यासाठी मला खटपट करावी लागली. आणि ती मी केली. शनिवारी फोन करून म्हटलं, अक्का, उद्या तुम्हाला इंदिरानगरला नेते, मोठ्या हॉटेलात डोसा खायला. नेहमी तुम्हीच मला खाऊ घालता. त्या लाजल्या. मला कशाला गं, म्हणाल्या. मग हळूच विचारलं, साडी कुठली नेसू?

रविवारी साडेआठलाच मी दारात टॅक्सी घेऊन हजर. अक्का हिरव्या काठाची साडी नेसून, केसात मोगरा माळून तयार होत्या. टॅक्सी त्या फाटकावरूनच गेली. नऊलासुद्धा वेळ होता, तरी मी अक्कांना दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून काहीतरी दाखवलं. काय दाखवलं ते आता आठवत नाही. त्यांनी कौतुकाने बघितलं.

हॉटेलात त्यांना सगळ्याचं नवल. खुर्च्यांचं, काचेचं, पाणी ओतायला वेगळा माणूस असतो याचं. डोसा आला तशा म्हणाल्या, "शांतव्वा असती तर म्हणाली असती, एवढ्याशा डोशाला एवढी मोठी ताटली कशाला!" आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मी घड्याळ बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी म्हटलं, अक्का, कॉफी घेऊ या ना. मग आइस्क्रीम मागवलं. मग दुकानं दाखवली. दीड वाजेपर्यंत मी त्या बाईला इंदिरानगरभर हिंडवलं. गुडघे दुखत असूनही त्या एकदाही चला म्हणाल्या नाहीत, कारण माझा हिरमोड होईल. परतताना टॅक्सीत माझा हात हातात घेऊन बसल्या होत्या. आपल्याकडे कुणी इतकं प्रेमाने बघत असताना माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात. मला तसं झालं नाही. खरं सांगते, मला त्या वेळी सुख वाटत होतं. माझ्या या सगळ्या हकिगतीत मला सगळ्यात जास्त भीती त्या सुखाची वाटते.

सोमवारी दुसरा निरोप आला. लहानसाच. काल आले होते. बारापर्यंत थांबले. ओळखीचं कुणी दिसलं नाही. मी न सांगता निघून गेले, त्याचा तिच्या मनात राग असणार, बरोबरच आहे. तिला सांगा, भाकऱ्या माझ्याच चुकीने करपल्या होत्या. आता पुन्हा त्रास देणार नाही.

मी दोन्ही निरोप पुसून टाकले. साइट विचारते, नक्की पुसायचं का? हा प्रश्नही मीच मराठीत केला होता. मी 'हो' दाबलं. खुणेखाली माझं जुनं वाक्य परत आलं.

पुढच्या रविवारी चपला काढताना अक्कांनी विचारलं आणि मी म्हटलं, नाही अक्का, अजून नाही. आवाज तोच, शब्द तेच. त्यांना काही वेगळं वाटलं नाही. मला वाटत होतं माझी जीभ अडखळेल, निदान पहिल्यांदा तरी. नाही अडखळली.

गेल्या वर्षी नकाशा बंद झाला. चालवणारी माणसं थकली, पांगली. बंद होण्याआधी आपापल्या गोष्टी उतरवून घ्या, असं सगळ्यांना कळवलं होतं. मी अक्कांचं पान छापून नेलं. त्यांनी चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, बोट ठेवून, मोठ्याने. गोष्ट संपली, त्यांचा निरोप संपला, तरी बोट खाली सरकलं. 'या जागेबद्दल अजून कुणी काही लिहिलेलं नाही.' तेही त्यांनी मोठ्याने वाचलं. मग कागद मांडीवर ठेवला.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "तिच्या जागी मी असते तर मीपण नसतं लिहिलं."

तेव्हा सांगता आलं असतं. त्या खोलीत आम्ही दोघीच होतो, दुपार होती, कुठे जायची घाई नव्हती. मी म्हटलं, अक्का, चहा टाकू का?

तो कागद त्यांनी मुलाकडून प्लास्टिकमध्ये बंद करून आणला आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी लावला. पाटावर बसलं की बरोबर डोळ्यांसमोर येतो. निरोप पुसले, नकाशा गेला, पण शांतव्वाच्या गावाचं नाव मला पाठ आहे. सोळा वर्षांत अक्कांना जे कळलं नाही ते मला एका बुधवारी कळलं. यशवंतपूरहून तिकडे जाणारी गाडी आहे, तिची वेळही मी पाहून ठेवली आहे. तिकीट कधी काढलं नाही. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, आणि का लिहीत नाही ते तुमच्या लक्षात आलं असेल. लिहिलं तर तुमच्यातलं कुणीतरी माझ्याआधी तिथे पोचेल.

अक्का आता साइटचं विचारत नाहीत. मी चपला काढते, त्या काही विचारत नाहीत, आणि ती रिकामी जागा मला दर वेळी लागते.

परवाच्या रविवारी मी भाजत होते. समोरचा तो कागद वाचत राहिले आणि हातातलं विसरले. वास सुटला तेव्हा भाकरी काळी झाली होती. अक्कांना तो वास माझ्याआधी आला असणार. त्या मान खाली घालून थापत राहिल्या. जेवायला बसलो तेव्हा मी ती करपलेली भाकरी बाजूला काढून ठेवली होती, तर अक्कांनी हात लांब करून ती आपल्या ताटात घेतली.

"ऑफिसात काय झालंय का गं?" त्यांनी विचारलं. "घरी सगळी बरी हायत न्हवं?"

मी म्हटलं, सगळं बरं आहे. अक्का ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत जेवल्या.